गुलाबी डोक्याचं बदक

प्रणिता टेंभुर्णेचा दिवस तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली सुरू व्हायचा. घरून निघताना चहासुद्धा नाही. थर्मास, दुर्बीण, तिची तिकाटी आणि घडीचं स्टूल स्कूटरला बांधायचं, चिचखेड्याच्या तलावावर पोचायचं, स्टूल मांडायचं, कानात फोनचा बिनतारी खडा घालायचा आणि पुण्याला लांजेवार सरांना फोन लावायचा. मग चहा. हा क्रम मोडलेला तिला चालत नसे. एकट्या राहणाऱ्या माणसांची असते तशी शिस्त होती ती; विचारणारं कुणी नसतं, म्हणून आपणच आपल्याला धाकात ठेवायचं.

"सर, पोचले."

"हं. बोला."

"थोडं धुकं आहे. पट्टकादंब बेटाच्या अंगाला बसलेत. रात्रभर कुणाच्या तरी लाखोरीच्या शेतात चरून आलेले दिसतात, आता डुलक्या काढून राहिले."

"वा. किती?"

"मागच्या आठवड्यापेक्षा कमीच वाटतात. पळस फुलला ना सर, आता यांचं मन नाही लागत इथं."

"हं."

पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते मोठे हंस. हिमालय ओलांडून हिवाळ्यात विदर्भात उतरतात आणि उन्हं चटके देऊ लागली की पुन्हा उत्तरेला निघून जातात. गेले की तलाव एकदम ओका दिसतो. दर वर्षी दिसतो, आणि दर वर्षी प्रणिताला नव्यानं वाईट वाटतं.

आता हे लांजेवार सर कोण, ते सांगायला हवं. दिवाकर लांजेवार तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. प्रणिता त्याच गावातल्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. भंडाऱ्याकडचे हे जुने मालगुजारी तलाव पसरट आणि वेडेवाकडे. एका काठावरून अर्धं पाणी दिसतच नाही. म्हणून पक्षी बघायचे तर माणसं दोन लागतात, एक पाळीवर आणि एक पल्याड बेशरमाच्या झुडपांत. ही दोघं वर्षानुवर्षं तशी बसली. मध्ये सगळा तलाव, आणि कानात फोन.

सरांचा एक नियम होता. वेगळा पक्षी दिसला तर ज्याला आधी दिसला त्यानं नाव घ्यायचं नाही. फक्त म्हणायचं, त्या बुडालेल्या बाभळीच्या डावीकडे बघा. नाव दुसऱ्यानं सांगायचं. दोघांचं जुळलं तर नोंद, नाही तर पक्षी गेला उडत. "एकट्या माणसाला जे पाहिजे असतं ते दिसतं," सर म्हणायचे. या नियमापायी प्रणिताचे कितीतरी चांगले पक्षी वाया गेले होते आणि ती चिडायचीही, पण नियम तिनं कधी मोडला नाही.

गावानं या दोघांबद्दल म्हणायचं ते म्हणून घेतलं. सर विधुर, ही बिनलग्नाची, आणि रोज पहाटे तलावावर. त्यात तथ्य काही नव्हतं. नव्हतं याचं प्रणिताला अधूनमधून वाईट वाटायचं, पण हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, सरांजवळ तर नाहीच. पुढं सरांचे गुडघे गेले, मुलानं त्यांना पुण्याला नेलं, आणि पल्याडचा काठ रिकामा झाला. तेव्हापासून हा सकाळचा फोन. व्हिडिओ नाही, व्हिडिओ लावला की तुमचं लक्ष पाण्यावरून उडतं, असं सरांनीच बजावलं होतं.

सर पुण्याला जाण्याच्या आधीची गोष्ट. एका प्रयोगशाळेतली काही मंडळी तलावावर येऊन राहिली होती. त्यांचं काम होतं एकट्या पडलेल्या पट्टकादंबांचं. नव्या उच्च दाबाच्या तारांमध्ये दर हिवाळ्यात पक्षी अडकून मरत, थवे फुटत, आणि एखादा पक्षी मागं राहून जाई.

थवा चरत असताना पक्षी सारखे हळू आवाजात बोलत असतात. त्या बोलण्यात बातमी अशी काही नसते. एक म्हणतो, मी इथं आहे. दुसरा म्हणतो, मीही आहे. संपर्क-हाक म्हणतात हिला. उत्तर येत राहिलं की पक्षी मान खाली घालून खात राहतो. उत्तर थांबलं की मान वर. मग तो खात नाही, झोपत नाही, नुसता हाका मारत राहतो. थव्यातून तुटलेला पक्षी पुष्कळदा उपासानंच मरतो, कोल्ह्या-कुत्र्याची गरजही लागत नाही. तर या मंडळींनी एक पेटी बनवली. लव्हाळ्यात ठेवायची, एकट्या पक्ष्यानं हाक मारली की पेटीनं उत्तर द्यायचं. दुसरा थवा भेटेपर्यंत त्या पक्ष्याला तेवढाच आधार.

आवाज अगदी हुबेहूब जमला होता, तरी पक्षी काही फसेनात. पेटी बोलायला लागली की ते उलट आणखीच मान ताठ करून बसायचे. मंडळी चक्रावली. प्रणिता कॉलेज सुटल्यावर हेडफोन लावून तिथं बसायची. एके दिवशी ती म्हणाली, "तुमची पेटी फार लवकर बोलते. चोचीत घास असलेला पक्षी कसा बोलेल? आधी गिळेल, मग बोलेल."

आधी सगळे हसले, आणि मग मोजायला बसले. मोजलं तर खरंच. जिवंत पक्षी दोनदा झटपट उत्तर देतो, तिसऱ्यांदा उशिरा. कधी हाक पुरी व्हायच्या आत बोलतो, कधी बोलतच नाही आणि दुसऱ्याला पुन्हा हाक मारावी लागते. प्रणितानं तीन हिवाळे याच तलावावर ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं. त्यातली मधली थांबणी जशीच्या तशी पेटीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हाळ्याजवळच्या एकट्या पक्ष्यानं मान खाली घातली आणि तो खायला लागला. सरांनी चष्मा काढून पुसला होता, ते तिनं पाहिलं होतं.

पुढं जे झालं ते कधी ना कधी कुणाच्या डोक्यात येणारच होतं. माणसंही दिवसभर हेच तर बोलतात. जेवलास का, पोचलीस का, बरं आहे ना. यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर कुणाला खरं म्हणजे नको असतं. पलीकडे आपलं माणूस आहे एवढं कळलं की पुरे. माणसाच्या आवाजाची नक्कल करणं यंत्रांना केव्हाच जमलं होतं, पण आईला फसवणं जमत नव्हतं, दोन वाक्यांत आई ओळखायची. एका कंपनीनं ती पेटीतली थांबणी विकत घेतली, फोनमध्ये बसवली, आणि त्याला नाव दिलं होकार.

दोन वर्षांत घरोघरी होकार झाला. मुलगा कामात गढलेला, आणि गावाकडे आई त्याच्याशी सुखानं बोलतेय. सून भिशीत, आणि सासूला वेळच्या वेळी 'हो आई, घेतलं औषध'. काही घरांत म्हणे दोन्ही बाजूंनी होकार लावलेला असायचा, आणि दोन यंत्रं रोज संध्याकाळी एकमेकांना जेवलास का विचारायची. खरंखोटं त्या यंत्रांनाच ठाऊक. होकाराचा स्वभाव फार चांगला. कुणाचं बोलणं तोडत नाही, कुणाला खोडून काढत नाही, कंटाळत तर नाहीच. प्रणितानं स्वतः तो कधी घेतला नाही. मला कोण रोज फोन करतं, मी कशाला घेऊ, असं ती म्हणायची आणि हसायची.

या हिवाळ्याच्या शेवटीशेवटी एका सकाळी धुकं नव्हतं. पट्टकादंबांचा एक घोळका पाळीखालच्या हिरवळीवर अगदी जवळ येऊन चरत होता. प्रणिताच्या डाव्या कानात फोन होता, उजवा कान मोकळा. ती सरांना बेटावरच्या चमच्या पक्ष्यांबद्दल सांगत होती, आणि सर 'हं' म्हणत होते. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण बोलतोय एक आणि ऐकतोय भलतंच.

"हं." लगेच.

"वा." लगेच.

मग उशीर. मग, "किती?"

उजव्या कानात खालचे पक्षी तसेच बोलत होते. लगेच, लगेच, उशीर. तिनं तीन हिवाळे हे ऐकलं होतं, झोपेतसुद्धा ओळखलं असतं. तिनं मुद्दाम अर्धं वाक्य बोलून सोडून दिलं. सर असते तर म्हणाले असते, अहो पुढं बोला, तोंडात मिठाची गुळणी धरली का. पलीकडून थोड्या वेळानं आलं, "हं. वा."

सकाळच्या वेळी सरांच्या तोंडात कसला घास?

तिनं फोन ठेवला. घरी जाऊन तिनं स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हातारा माणूस आहे, पहिल्यासारखं सुचत नसेल, कधी बोलेल, कधी नाही. पण मन ऐकेना. मग तिनं आठवून पाहिलं की सरांनी आपल्याला शेवटचं कधी खोडून काढलं. ते काही केल्या आठवेना. हिवाळाभर ते नुसतं हो म्हणत होते, आणि आपण वेड्यासारखं खूश होऊन सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी पाळीवर बसल्या बसल्या तिनं फोन लावला आणि नियम मोडून सरळ नाव घेतलं.

"सर, बुडालेल्या बाभळीजवळ गुलाबी डोक्याचं बदक आहे. नर आणि मादी. जोडी."

हे पक्षी बघणाऱ्याला सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. गुलाबी डोक्याचं बदक जिवंत कुणी पाहिलं त्याला शंभर वर्षं होत आली. तेही तिकडं, बिहार-बंगालच्या दलदलीत. संपला तो पक्षी. तरी पक्षी बघणारा प्रत्येक माणूस मनाच्या एका कोपऱ्यात त्याची वाट बघत असतो. असं वाक्य कानावर पडलं तर खरा माणूस ओरडेल, शिव्या देईल, निदान डोकं ठिकाणावर आहे का विचारेल.

पलीकडे थांबणं झालं. मग सरांच्या आवाजात आलं, "वा. किती?"

"सांगितलं ना, जोडी."

"हं. छान."

प्रणितानं खडा कानातून काढला आणि मुठीत धरून बसली. तिला रडू आलं नाही, राग आला. सरांचा आला, कंपनीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण ती थांबणी तिनंच दिली होती. बोलायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. आजपासून फोन करू नका म्हणाले असते तरी तिनं ऐकलं असतं. पण हे काय, लव्हाळ्यात पेटी ठेवून निघून जायचं?

त्यानंतर तिनं फोन लावला नाही. तलावावर मात्र जात राहिली, कारण दुसरं जायचं तरी कुठं. पक्षी तेच होते, आणि सांगायला कुणी नसल्यामुळं ते दिसूनही दिसेनासे झाले. मोठी लालसरी हे तांबूस डोक्याचं देखणं बदक समोर उतरलं तरी ती नुसती बघायची आणि सोडून द्यायची. सुखदेव नागपुरे हा ढिवर, म्हणजे मासे धरणारा, डोंगा घेऊन मासोळीची जाळी काढायला यायचा. त्यानं एके सकाळी पाळीशी डोंगा लावला.

"बाई, आजकाल बोलून नाही राहिल्या?"

"कुणाशी बोलू?"

"पहिले तं सकाळभर बोलत राहत होत्या. आमाले वाटे, बाईचं कोनीतरी हाय." एवढं बोलून तो जाळं झटकायला लागला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. प्रणिता मात्र त्या दिवशी ऊन चढेपर्यंत स्टुलावरून उठली नाही.

आणि मग एका सकाळी पाळीखाली एक मोठी गाडी येऊन थांबली. तिच्यातून एक तरुण बाई उतरली, मागचं दार उघडलं, उतरती फळी लावली, आणि फळीवरून चाकांची खुर्ची खाली आणली. खुर्चीत सर होते. अंगावर शाल, मान एका बाजूला कललेली, उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला. प्रणिताला आधी ओळखूच आले नाहीत, इतके ते वाळले होते.

"प्रणिताकाकू ना? मी समीक्षा, त्यांची सून," ती बाई म्हणाली. तिचे डोळे प्रवासानं लाल झाले होते. "दोन दिवस झाले निघून. मध्ये संभाजीनगरला मुक्काम केला, यांना सलग बसवत नाही."

सर प्रणिताकडे बघतच नव्हते. ते तलावाकडे बघत होते, सरळ बुडालेल्या बाभळीकडे.

समीक्षानं तिला जरा बाजूला नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी सरांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. "तेव्हा तुमचा फोन यायचा, हे कानाला लावायचे, आणि तुम्ही तिकडून हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचात. नेटवर्क खराब आहे म्हणायचात. फोन ठेवला की हे रडायचे, काकू. तुम्हाला कळवते म्हटलं तर हातानं नको नको करायचे. मग मीच होकार लावून दिला. हे नुसते ऐकतात, बोलतो तो. तुमचा फोन चालू असला की घरात मिक्सर लावू देत नाहीत."

म्हणजे हिवाळाभर पलीकडे माणूस होता. प्रणिताचं प्रत्येक वाक्य कुणीतरी कानाला फोन लावून ऐकत होतं, आणि त्या दिवसाचं वाक्यही.

"ते बदक ऐकलं आणि यांनी नुसता जीव काढला," समीक्षा सांगत होती. "नकाशावर बोट ठेवून बसायचे. डॉक्टर म्हणाले प्रवास अजिबात नाही, तर यांनी खाणं सोडलं. आधीच अंगात काही नाही. शेवटी म्हटलं चला. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण एवढ्यासाठी जीव धोक्यात घालून आलेत. आज दिसेल ना ते?"

इथं खरं सांगायची वेळ होती, हे प्रणिताला कळत होतं. पण तिनं सरांचा चेहरा पाहिला. त्या अर्ध्या हलणाऱ्या चेहऱ्यावर जी उत्सुकता होती ती तिनं इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. "दिसायला पाहिजे," ती म्हणाली.

योगायोग असा की बाभळीजवळ खरंच एक जोडी पोहत होती. मोठी लालसरी. नराचं डोकं नारिंगी-तांबूस, चोच लाल. कोवळं ऊन तिरपं पडलं की ते डोकं गुलाबी म्हणूनही खपून जावं. आजवर याच बदकानं चांगल्या चांगल्यांना चकवलं होतं, आणि सरांची नजर तर आता एका बाजूनं गेलेली. प्रणितानं तिकाटीचे पाय आखडून दुर्बीण खुर्चीच्या उंचीला आणली, नरावर धरली, आणि जुन्या पद्धतीनं नाव न घेता म्हणाली, "सर, बाभळीच्या डावीकडे बघा."

सरांनी मान डोलावली तर संपलं सगळं. ते समाधानानं परत जातील, समीक्षा खूश होईल, आणि आपण जन्मभर हे पोटात ठेवू. एवढं खोटं कुणाचं नुकसान करत नाही, ती मनाशी म्हणत होती. देवा, मान डोलावू दे त्यांना.

सरांनी डावा डोळा दुर्बिणीला लावला. बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. डोळा हलला नाही. मग ते मागं टेकले. ओठ हलायला लागले, गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंडातून लाळ आली. समीक्षा रुमाल घेऊन पुढं आली, तिला त्यांनी हातानं थांबवलं.

"ना," ते म्हणाले. पुन्हा जोर लावला. "नाही."

आवाज जाड, घोगरा, फोनवरच्या आवाजासारखा अजिबात नव्हता. समीक्षानं तोंडावर हात ठेवला. दिवाळीपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द होता.

प्रणिता खुर्चीसमोर खाली मातीत बसली. "बरोबर आहे सर. ती मोठी लालसरी आहे. आणि त्या दिवशीही काही नव्हतं. मी खोटं बोलले. तुम्ही आहात की यंत्र आहे ते मला बघायचं होतं. मला वाटलं तुम्ही मला टाकून दिलं."

सर तिच्याकडे बघत राहिले. समजायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा चेहऱ्यावरची ती उत्सुकता विझताना तिला दिसली. त्यांच्या एका डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला त्यांनी तिला हात लावू दिला नाही.

"काकू, यांना वाटेत काही झालं असतं तर?" समीक्षा म्हणाली.

"हो," प्रणिता म्हणाली.

समीक्षा खुर्ची वळवायला लागली. सरांनी डाव्या हातानं चाक धरून ठेवलं. प्रणिताकडे न बघता त्यांनी दुर्बिणीची नळी स्वतःकडे ओढली आणि बेटाकडे बोट केलं. प्रणितानं उठून दुर्बीण बेटावर धरली. पट्टकादंब ऊन खात बसले होते. सर बघत राहिले. थोड्या वेळानं बोट दुसरीकडे गेलं, तिनं दुर्बीण तिकडं वळवली. असं ऊन तापेपर्यंत चाललं. तेवढ्या वेळात त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

गाडीचं दार लावताना प्रणिता समीक्षाला म्हणाली, "तो होकार काढून टाकशील?"

"मग तुम्हाला पलीकडून काहीच ऐकू येणार नाही."

"चालेल."

"आणि त्यांनी फोन घेतलाच नाही तर? राग आलाय त्यांना. मी जबरदस्ती करणार नाही."

"नको करूस," प्रणिता म्हणाली.

पुण्याला सुखरूप पोचल्याचा निरोप समीक्षानं पाठवला, तेवढाच. त्यानंतर प्रणितानं रोज सकाळी फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद व्हायची. ती पुन्हा लावत नसे. एकदाच लावायचा, असं तिनं ठरवलं होतं. जो रागावलाय त्याला रागावू द्यायचं.

पळसाची फुलं गळून पाळीवर पडायला लागली. एका सकाळी ती पोचली तर बेट रिकामं होतं. हिरवळीवर पिसं पडलेली, ओल्या मातीत पायांचे ठसे, बाकी काही नाही. तिनं दुर्बिणीतून सगळं पाणी पुन्हा पुन्हा धुंडाळलं. मग स्टुलावर बसून फोन लावला.

घंटी बराच वेळ वाजली. मग वाजायची थांबली.

"सर?" ती म्हणाली.

पलीकडून काही आलं नाही.

"सर, पोचले. पट्टकादंब गेले. सगळे गेले. काल संध्याकाळीच उठले असतील, मला दिसले नाहीत."

काही नाही. श्वास ऐकू येतो का म्हणून तिनं कान दिला, तोही आला नाही. दूर कुठं तरी भांडं पडल्यासारखा आवाज झाला, की नाही झाला, तिला नक्की सांगता आलं नसतं.

तिनं थर्मासमधून चहा ओतला. फोन कुणी ठेवला नव्हता. मग तिनं दुर्बीण उचलली आणि ज्या पल्याडच्या काठावर सर बसायचे, तिथलं एकेक सांगायला सुरुवात केली.